गप्प बसलेली कोंबडी: इंदूरच्या हवेत घरगुती कोंबड्यांचे आजार आणि रोजची काळजी

कोंबडी आपलं दुखणं लपवते. कळपात जी मलूल दिसते तिला बाकीच्या टोचून काढतात, म्हणून अंगात बळ आहे तोवर ती दाण्यावर येते आणि चोच मारल्याचं सोंगही करते. पिसं फुलवून, मान आत ओढून ती कोपऱ्यात बसलेली दिसते, तेव्हा आजाराला बहुतेक दोन-तीन दिवस होऊन गेलेले असतात. म्हणून खरी नजर ठेवायची ती दोन वेळा: सकाळी खुराडं उघडताना आणि रात्री सगळं निजल्यावर.

सकाळी दार उघडून बाजूला उभं राहा आणि बाहेर पडायचा क्रम बघा. रोज पुढे धावणारी कोंबडी आज शेवटी आली, तर तिला पकडा. दोन्ही पंख अंगाशी दाबून धरा आणि छातीचं मधलं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेलं असेल तर ठीक. हाड सुरीच्या धारेसारखं हाताला लागलं तर ती कित्येक दिवसांपासून झिजते आहे; अशा वेळी जंत, रक्ती हगवणीची जुनी बाधा किंवा मरेक्स (पाय लुळे पाडणारा विषाणूचा आजार) यांचा विचार करायचा. मग गळ्याखालची अन्नाची पिशवी बघा. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी. सकाळी ती भरलेली, पिठाच्या गोळ्यासारखी घट्ट असेल तर आत लांब गवत किंवा नायलॉनचा दोरा अडकलेला असू शकतो. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत आणि आंबूस वासाची असेल तर आतलं अन्न कुजलं आहे. तिला उलटी धरून पिळू नका, कारण ते पाणी श्वासनळीत जाऊन कोंबडी हातातच मरते.

हाताला अंग गरम लागलं म्हणून ताप समजू नका. कोंबडीचं नेहमीचं तापमानच ४१ अंशांच्या वर असतं. या एका गैरसमजापायी किती कोंबड्यांच्या घशात माणसांच्या तापाच्या गोळ्या गेल्या असतील, त्याला गणती नाही.

तुऱ्याचा रंग बघायचा तो साध्या कोंबडीत. फिका तुरा म्हणजे रक्त कमी, काळानिळा तुरा म्हणजे श्वासाची किंवा रक्ताभिसरणाची अडचण. पण कडकनाथ या काळ्या जातीचा मूळ मुलुख झाबुआ आपल्याला जवळ असल्यामुळे अनेकांच्या अंगणात कडकनाथ असतो, आणि त्याचा तुराच मुळात काळपट. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून हौसेने पाळणारे आणखी वाढले. त्यांनी तुऱ्याचा नाद सोडून वजन, बसण्याची ढब आणि शीट बघावी. ‘कडकनाथला रोग लागत नाही’ असं विकणारे सांगतात. तो काटक आहे हे खरं, पण राणीखेत हा जीवघेणा विषाणूरोग आणि मरेक्स त्यालाही सोडत नाहीत. त्याच्या लसी चुकवू नका.

शीट कशी वाचायची

रात्री जिथे कोंबड्या बसतात त्याखाली जुना कागद अंथरा, सकाळी सगळा हिशोब समोर येतो. चांगली शीट तपकिरी, थोडी घट्ट आणि वर पांढरी टोपी असलेली. साधारण आठ-दहा वेळांतून एकदा कोंबडी चॉकलेटी, चिकट, भयंकर वासाची शीट टाकते. ती आंधळ्या आतड्यातली असते आणि अगदी निरोगी असते. नवे पाळणारे तिलाच हगवण समजून औषधाच्या दुकानात धावतात.

हिरवी पातळ शीट बहुतेक दोन कारणांनी होते: कोंबडी उपाशी आहे, किंवा राणीखेत. एकाच कोंबडीची शीट अशी असेल तर आधी पोट रिकामं आहे का ते बघा. एकदम चार-पाच जणींची असेल तर वेळ घालवू नका. पांढरी, चुन्याच्या निवळीसारखी शीट आणि शेपटीखाली चिकटलेली पिसं, तीही पहिल्या दोन-तीन आठवड्यांतल्या पिल्लांत, म्हणजे साल्मोनेलाची पांढरी हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत पांढरी पाणचट हगवण, थरथर आणि स्वतःच्याच शेपटीखाली टोचणं दिसलं तर गंबोरो हा विषाणूचा आजार. मे महिन्यात नुसतं पाणी टाकणारी कोंबडी बहुतेक वेळा आजारी नसते, ती उष्म्याने पाणी जास्त पिते आहे.

आणि रक्त. त्याला वेगळी जागा द्यायला हवी.

रक्ती हगवण: अंगणातल्या पिल्लांचा खरा वैरी

शीटेत ताजं लाल रक्त, पिसं फुललेली, पंख लोंबणारे, वय तीन ते सहा आठवडे आणि बाहेर पावसाळा, इतकं जुळलं की तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू नका. हा कॉक्सिडिया नावाचा एकपेशीय परजीवी. त्याची अंडी शीटेतून गादीवर, म्हणजे खुराड्यात अंथरलेल्या तुसा-भुशावर, पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांत रोग लावायला तयार होतात. पिल्लू दाण्याबरोबर ती गिळतं. आतड्याच्या पेशी फोडत तो वाढतो आणि साधारण पाचव्या दिवशी रक्त दिसतं. थोडक्यात, आज दिसलेल्या रक्ताची सुरुवात मागच्या आठवड्यात सांडलेल्या पाण्यात असते.

औषध अँप्रोलियम. २० टक्क्यांची पावडर मिळते, ती लिटरमागे १.२ ग्रॅम, म्हणजे २५ लिटरला ३० ग्रॅम. हेच पाणी पाच दिवस, दुसरं पाणी ठेवायचं नाही, रोज सकाळी ताजं कालवायचं. त्यानंतर एक आठवडा पाव मात्रा, लिटरला ०.३ ग्रॅम. थोड्या पिल्लांसाठी सोनाराचा छोटा डिजिटल काटा फार उपयोगी पडतो. चमच्याचा अंदाज इथे चालत नाही. पाकिटावरची टक्केवारी वेगळी असेल तर हिशोब पुन्हा करा.

इथे एक चूक नेहमी होते. अशक्त पिल्लं बघून लोक त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालतात. अँप्रोलियमची रचना बी-१ जीवनसत्त्वासारखी असते आणि परजीवीला ते जीवनसत्त्व मिळू न देणं हेच त्याचं काम. तुम्ही वरून बी-१ घातलंत की औषध बोथट झालं. जीवनसत्त्वं द्यायची ती औषध संपल्यावर.

दुसरी चूक फिनाइलची. या परजीवीची अंडी साध्या फिनाइलला दाद देत नाहीत, त्यांना कोरडेपणा आणि ऊन मारतं. पाण्याच्या भांड्याभोवतीची ओली गादी फावड्याने काढून लांब टाका, भांडं विटेवर चढवून त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला आणा, म्हणजे पाय पडून पाणी सांडत नाही. गादीची मूठ वळून बघा. लाडू वळला तर ओली, हलकेच विस्कटली तर बरोबर, हातातून धूळ उडाली तर फार कोरडी. भाताचा तूस, लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफलं चालतात. उन्हाळ्यात दोन-तीन इंच, थंडीत चार ते सहा इंच. ओल ओढायला विरलेला चुना घालायचा असेल तर रांगोळीसारखा पातळ भुरभुरवा आणि त्या दिवशी पडदे उघडे ठेवा, कारण चुन्याने गादीतला अमोनिया (शीटेतून सुटणारा उग्र वायू) आधी उसळून बाहेर येतो.

लस: कुपी दोनशेची, कोंबड्या वीस

विषाणूंच्या आजारांवर औषध नाही, म्हणून लसीचा कार्यक्रम चुकवून चालत नाही. मरेक्सची लस पहिल्याच दिवशी, हॅचरीतच मानेच्या कातडीखाली देतात. पिल्लं घेताना ‘मरेक्स दिली का’ हे विचारा, नंतर देऊन उपयोग नसतो. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा किंवा एफ-१, डोळ्यात एक थेंब. बारा-चौदाव्या दिवशी गंबोरो. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, पाण्यातून. सहाव्या आठवड्यात देवीची लस, पंखाच्या पातळ पडद्यात दुहेरी सुईने टोचून. आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी, कातडीखाली अर्धा मिली, आणि अंड्यावर यायच्या आधी, सोळा ते अठरा आठवड्यांच्या तलंगांना, तीच पुन्हा. दोन लसींत निदान आठवड्याचं अंतर हवं. आर-टू-बी तेज लस आहे. सहा आठवड्यांच्या आतल्या किंवा आजारी पिल्लाला टोचली तर लसच रोग आणते.

छोट्या पाळणाऱ्यांचं दुखणं वेगळंच असतं. कुपी शंभर, दोनशे किंवा हजार मात्रांची येते आणि एकदा पाण्यात मिसळली की दोन तासांत संपवावी लागते. राऊ, सिमरोल, सांवेर, देपालपूर, कुठेही असा, आसपासच्या चार-पाच घरांनी एकाच आठवड्यात पिल्लं आणली की एका कुपीत सगळ्यांचं भागतं. फ्रिजमध्ये उरलेली लस पुढच्या आठवड्यासाठी ठेवणं म्हणजे पाणी टोचणं. दुकानातून आणताना बर्फाचा थर्मास न्या, २ ते ८ अंशांची साखळी तुटता कामा नये. मेच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत अर्धा तास राहिलेली लस घरी पोचेपर्यंत मेलेली असते.

डोळ्यात थेंब टाकताना पिल्लू आडवं धरा, थेंब वरून पडू द्या आणि त्याने पापणी मिटून उघडेपर्यंत सोडू नका. लगेच सोडलंत तर ते मान झटकतं आणि थेंब जमिनीवर जातो.

पाण्यातून देताना इंदूरकरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नळाला येणारं नर्मदेचं पाणी क्लोरीन घालून येतं आणि क्लोरीन जिवंत लस मारतं. पाणी आदल्या दिवशी रुंद तोंडाच्या भांड्यात भरून उघडं ठेवा, दुसऱ्या दिवशी लिटरमागे ५ ग्रॅम मलईविरहित दूध पावडर विरघळवून वीस मिनिटांनी लस मिसळा. त्याआधी तासभर, थंडीत दोन तास, पाण्याची भांडी काढून घ्या म्हणजे सगळ्या एकदम पितात. देवीची लस लागली का ते आठ-दहा दिवसांनी पंख उलगडून बघा: टोचल्या जागी गाठ किंवा खपली असेल तर लागली, काहीच नसेल तर पुन्हा टोचा.

राणीखेत की बर्ड फ्लू, हे डोळ्यांनी ठरवू नका

कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावाचं नाव मिरवणारा हा रोग, मराठीत मानमोडी. चोच उघडून धाप, हिरवी हगवण, अंडी एकदम बंद किंवा मऊ कवचाची, आणि ज्या जगतात त्यांची मान वळून राहते. लस न दिलेल्या कळपात दोन-चार दिवसांत खुराडं रिकामं होऊ शकतं. उपचार म्हणजे फक्त आधार: ऊब, इलेक्ट्रोलाइटचं पाणी, वाटीने पातळ दाणा. मानमोडीतून वाचलेलं पाखरू बाहेरून बरं दिसलं तरी ते काही दिवस विषाणू सोडत राहतं, त्याला कळपात घाई करून परत सोडू नका.

बर्ड फ्लूची लक्षणं जवळपास हीच. त्यात चेहरा सुजणं, तुरा निळा पडणं, पायांच्या नळ्यांवर लालसर डाग आणि कुठलंही लक्षण नसताना अचानक मरणं यांची भर. जानेवारी २०२१ मध्ये इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारातल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये एच-५-एन-८ सापडला होता, आणि ते निदान भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत झालं होतं. म्हणून आसपास कावळे मरून पडले असतील किंवा एका दिवसात तीन-चार कोंबड्या विनाकारण गेल्या असतील, तर मेलेल्या कोंबड्या कापून बघू नका, सोलू नका, उघड्या हातांनी उचलू नका. १९६२ या पशुसेवेच्या क्रमांकावर किंवा जवळच्या शासकीय पशुचिकित्सालयात कळवा. तोवर उरलेल्या कोंबड्या बंद ठेवा आणि शेजाऱ्याकडे दाणा-भांडी देवाणघेवाण थांबवा.

सर्दी, देवी आणि रात्रीचा कान

रात्री दहाच्या सुमारास खुराड्यापाशी दिवा न लावता दोन मिनिटं उभे राहा. घरघर, शिंक, बुडबुड्यांसारखा आवाज दिवसा गलक्यात दबतो, रात्री स्वच्छ ऐकू येतो. कोंबड्या एरवी बऱ्या दिसत असतील आणि घरघर आठवडे चालली असेल तर मायकोप्लाझ्माचा जुनाट श्वसनरोग. डोळ्याखाली सूज, नाकातून घाण वासाचा चिकट स्राव असेल तर कोरायझा, म्हणजे जिवाणूंची सर्दी. दोन्हींत प्रतिजैविक लागतं, पण ते डॉक्टरांनी ठरवावं. कृषी दुकानात ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून मिळणाऱ्या बाटल्या घेऊ नका. औषधाचे दिवस आणि नंतरचे ठराविक दिवस ती अंडी खाता येत नाहीत, हे दुकानदार सांगत नाही. कोलिस्टिन तर २०१९ पासून खाद्यप्राण्यांसाठी देशात बंदच आहे. श्वसनरोगामागे बहुतेक वेळा अमोनिया असतो. खुराड्यात गुडघे टेकून, कोंबडीच्या उंचीवर नाक नेऊन बघा. तिथे डोळे चुरचुरले तर औषधाआधी हवा खेळती करा.

देवी पावसाळ्यात आणि पावसाळा सरताना येते, कारण डास तिला घेऊन फिरतात. तुऱ्यावर, डोळ्यांभोवती खपल्या. ओढून काढू नका, खाली रक्त येतं आणि जिवाणू घुसतात. बोरोग्लिसरीन किंवा हळद-खोबरेल लावा, डोळे बंद झाले असतील तर हाताने भरवा. तीन-चार आठवड्यांत खपल्या गळतात. घशात पिवळट पडदा दिसला तर मात्र ती ओली देवी, त्यात गुदमरून मृत्यू येतो.

मरेक्समध्ये एक पाय पुढे, एक मागे असं फाकून तलंग बसतं. उपाय नाही.

पिसांखाली आणि फटींत

उवा शेपटीखालच्या पिसांच्या मुळाशी दिसतात, त्यांची अंडी साखरेच्या खड्यांसारखी चिकटलेली असतात. लाल किडे मात्र दिवसा कोंबडीवर नसतातच. फळ्यांच्या फटींत लपतात आणि रात्री रक्त पितात. टॉर्च घेऊन रात्री बसायच्या काठीखाली पांढरा कागद फिरवा, लाल ठिपका उमटला तर तेच. कोंबडीवर पर्मेथ्रिनची पावडर, फटींत चुन्याचा गिलावा, आणि दहा दिवसांनी दोन्ही पुन्हा, कारण अंडी पहिल्या वेळी मरत नाहीत. राख आणि कोरडी माती भरलेली घमेली कायम ठेवा, त्यात त्या स्वतःच लोळतात. पायांवरचे खवले वर उचलले असतील तर कोमट साबणपाण्याने धुऊन, मऊ ब्रशने घासून, दाट व्हॅसलिन तीन आठवडे लावा; आतला किडा गुदमरतो.

जंतांवर अल्बेंडाझोल, किलोला १० मिलिग्रॅम. मुलांच्या औषधाची बाटली ५ मिलीत २०० मिलिग्रॅमची असेल तर किलोभर कोंबडीला पाव मिली, सुई काढलेल्या सिरिंजने चोचीच्या कडेने. तीन आठवड्यांनी पुन्हा. अंडी निदान आठवडाभर खाऊ नका.

माळव्याची ताटली कोंबडीला मानवत नाही

घरी सोयाबीन पोत्याने पडलेलं असतं, प्रथिनं भरपूर, म्हणून कोंबड्यांना टाकावंसं वाटतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो. पिल्लं खात राहतात आणि वाढत नाहीत. भाजून किंवा उकडूनच द्या, किंवा छावनीच्या बाजारातून सोयाबीनची पेंड आणा. उरलेली शेव आणि मिठाचे पोहे हा दुसरा इंदुरी धोका. कोंबडीला, त्यातही पिल्लांना, मीठ फार कमी सोसतं: तहान, पाणचट हगवण, पोटात पाणी, मग लटपट. पावसाळ्यात भिजलेला मका तिसरा. दाण्याच्या टोकाशी हिरवट-काळी बुरशी दिसली की ते विष आहे. उन्हात वाळवल्याने बुरशी मरते, विष राहतं. पोतंच फेका, धुऊन वापरू नका.

अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम लेअर दाणा आणि वेगळ्या वाटीत शिंपल्याचा चुरा. कॅल्शियम कमी पडलं की कवच पातळ होतं आणि अंडं अडकतं. अशी कोंबडी पेंग्विनसारखी उभी राहून कुंथते. ३८-४० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं अर्धं अंग बुडवून बसवा, बाहेर काढून गुदद्वाराला तेल लावा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा. पोट दाबून अंडं फोडू नका, कवचाने आत फाटतं. दोन-तीन तासांत सुटलं नाही तर डॉक्टर.

एप्रिल-मे आणि डिसेंबर-जानेवारी

आपल्याकडच्या उन्हाळी रात्री त्या मानाने गार, म्हणूनच कोंबड्या तगतात. दुपार मात्र ४२ अंशांपर्यंत जाते. दाणा सकाळी सहाच्या आत आणि सूर्यास्तानंतर; पचनाचीही उष्णता असते, म्हणून दुपारी पोट रिकामं बरं. पाणी दर दोन तासांनी बदला, एका कोंबडीला २००-२५० मिलीच्या जागी दुप्पट लागतं. छपरावर ओली गोणपाटं टाका, पण आतल्या हवेत पाणी फवारून दारं बंद करू नका, दमट उष्म्यात ती जास्त लवकर मरते. पडलेल्या कोंबडीचे पाय आणि तुरा साध्या पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन-तीन कमी. पिल्लामागे दोन वॅट हा जुना हिशोब तारेच्या पिवळ्या बल्बचा होता. घरात आता एलईडी आहेत, ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जानेवारीत पिल्लं उजेडात गारठून मरतात आणि मालक रोग शोधत बसतो. लाल इन्फ्रारेड बल्ब आणा. दिव्याखाली ढीग झाला तर थंडी, कडेला पळाली तर उष्मा, सगळीकडे पसरली तर बरोबर. पडदे लावताना वरची फूटभर जागा उघडी सोडा.

आजारी वेगळी, मेलेली आणखी वेगळी

संशयित कोंबडी वाऱ्याच्या उलट दिशेला नव्हे, वारा जिकडे जातो त्या बाजूला, निदान तीसेक फुटांवर ठेवा. दाणापाणी आधी निरोग्यांना, शेवटी तिला. नवी आणलेली पाखरंही अशीच तीन आठवडे वेगळी, आणि त्यांच्याबरोबर आपली एक कोंबडी ठेवा. ती आजारी पडली नाही तरच बाकीच्यांत मिसळा.

कारण कळत नसेल तर नुकतीच मेलेली कोंबडी दुहेरी पिशवीत बांधून बर्फावर ठेवा आणि आधी फोन करून महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदनाची चौकशी करा. फ्रीझरमध्ये गोठवू नका, पेशी फुटून काही वाचता येत नाही. मात्र बर्ड फ्लूचा संशय असेल तर कोंबडी कुठेही नेऊ नका, आधी कळवा. उरलेली मेलेली पाखरं कचरागाडीत किंवा नाल्यात नाही. तीन-चार फूट खड्डा, खाली-वर चुना, वरून दगड, म्हणजे कुत्री उकरत नाहीत. खुराड्यातली गादी काढून जाळा, फरशी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, भिंतींना चुना द्या आणि नवी पिल्लं आणण्याआधी तीन आठवडे ते रिकामं, उन्हात उघडं राहू द्या.